बाईंचं पाणी

गिरणीजवळचा पंप पहाटेपासून कोरडाच हलत होता. दांडा खाली दाबला की आत कुठंतरी धातूवर धातू घासायचा आणि तोटीतून नुसती हवा यायची. उन्हाळ्याचा दुसरा महिना. तळं आटून चिखलावर आलेलं, त्यामुळे गल्लीची सगळी भिस्त पंपावर. मिस्त्रीनं बायकोला बरोबर घेतलं, पान्यांची पेटी सायकलला बांधली आणि ऊन चढायच्या आत पंपाची टोपी उघडली.

पाइप वर ओढायचे म्हणजे सहा-सात माणसांचं काम. पण या गावात पंपाच्या कामाला कुणाला हाक मारावी लागायची नाही. दोर टाकलेला दिसला की माणसं हातातलं काम ठेवून यायची. गिरणीवाला अंगावरच्या पिठासकट आला. न्हावी आला. दोन सुना कडेवरची पोरं दुसऱ्याच्या कडेवर देऊन दोराला लागल्या. मिस्त्री शिकंजा आवळायचा, "हं" म्हणायचा, आणि पाइप हातभर वर यायचा.

"मिस्त्री, वॉशर गेलंय की तुझं लक्ष गेलंय?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"लक्ष जायला वेळ कुठं आहे काका, अकरा पंपांचा नवरा आहे मी."

"आणि माझा?" बायको म्हणाली. सगळे हसले.

पंपाच्या कट्ट्यावर मिस्त्रीची आई बसली होती. गुडघे गेल्यापासून तिला दुसरं काम नव्हतं. जिथं माणसं जमतील तिथं तिला नेऊन बसवायचं. शेजारी मिस्त्रीची नऊ वर्षांची मुलगी छकी जुनी वॉशरं बोटात अंगठ्यांसारखी घालून बघत होती.

हे अकरा पंप बाईंचे. म्हणजे मालकीचे नव्हेत, पण सगळे म्हणायचे 'बाईंचं पाणी'. बावीस वर्षांपूर्वी अख्खं गाव तळ्याचं पाणी प्यायचं. एका पावसाळ्यात जुलाबाची साथ आली आणि महिनाभरात चौदा पोरं गेली. बाई तेव्हा शाळेत शिकवायच्या. त्यांच्या वर्गातली पाच बाकं रिकामी झाली. त्यांनी वाटणीला आलेलं शेत विकलं, आपल्या अंगणात पहिला पंप खणून घेतला आणि अंगणाचं फाटक बिजागरीसकट काढून टाकलं. पुढं दर एक-दोन वर्षांनी एक पंप. अर्धा भार बाईंचा, अर्धा त्या गल्लीचा. खणायला, दगड वाहायला, कट्टा बांधायला घरटी एक माणूस. एकमेकांचं तोंड न बघणारी घरं पंपापायी एका रांगेत उभी राहायला शिकली. पाणी आणण्यात दिवस घालवणाऱ्या मुली शाळेत बसू लागल्या. साथ पुन्हा आली नाही. आणि एकोणिसाव्या वर्षी उनाडक्या करत फिरणाऱ्या एका पोराला बाईंनी शहरात पाठवून पंपाचं काम शिकवलं. पान्यांची पेटी त्यांनीच दिलेली. बाईंच्या स्वतःच्या घराचं छप्पर मात्र अजून पावसाळ्यात चार ठिकाणी गळायचं.

दुपारी पंपाला पाणी आलं. पहिली बादली गढूळ गेली, दुसरी स्वच्छ. सगळ्यांनी ओंजळी लावल्या. तेवढ्यात नर्सताई सायकल ढकलत आल्या. त्यांना या गावात येऊन आठच महिने झाले होते. कट्ट्यावरच्या म्हातारीची नाडी बघायला त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि उलटा केला.

"आजी, काम काय करता?"

"काम? बसून खाते. आठ वर्षं झाली, हातात विळा धरला नाही."

"मग हे घट्टे कसले?"

म्हातारीनं आपल्याच तळहाताकडे बघितलं. चामडीखाली ज्वारीचे दाणे पेरल्यासारखे कडक फुगवटे होते. "जुने असतील."

"जुने घट्टे काम सुटलं की जातात. हे वाढताहेत." नर्सताईंनी म्हातारीचा पदर मानेवरून जरा सरकवला. पाठीवर, धुळीत पावसाचे चार थेंब पडावेत तसे गडद-फिके ठिपके होते. त्यांनी पदर पुन्हा नीट केला. मग सुनेचा हात मागितला. मग न्हाव्याचा. न्हावी हसत म्हणाला, "ताई, भविष्य सांगता का?"

नर्सताई हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्या एक पेटी घेऊन मिस्त्रीच्या ओसरीवर आल्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मिस्त्रीनं अकरा पंपांचं पाणी अकरा बाटल्यांत आणलं होतं. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर पंपाचं नाव. नर्सताईंनी बाटलीत पूड टाकली, बुचाखाली पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवली आणि थांबायला सांगितलं. पाणी बारीक फसफसत होतं. मिस्त्री, बायको आणि म्हातारी तिघं त्या कागदाकडे बघत बसली. आधी काहीच झालं नाही. मग कागदाला हळदीचा हात लागल्यासारखं झालं. मग तो रंग गडद होत गेला, आणि भाजलेल्या मातीसारखा होऊन थांबला.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"सोमल म्हणतात ना जुनी माणसं, तेच. जमिनीतूनच येतं. दिसत नाही, वास नाही, चव नाही."

"सोमल घालून माणूस मारतात," म्हातारी म्हणाली.

"तो एकदम घातला तर, आजी. हा रोज थोडा थोडा."

"पाणी उकळलं तर?" मिस्त्रीनं विचारलं.

"उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तसंच राहतं."

संध्याकाळपर्यंत नऊ कागद तपकिरी झाले. शाळेचा आणि टेकडीखालचा, असे दोनच पांढरे राहिले. मिस्त्रीनं प्रत्येक पंपाचं भोक किती खोल गेलंय ते तोंडपाठ सांगितलं. नर्सताई वहीत लिहून घेत होत्या. जाताना म्हणाल्या, "लोकांना सांगायला हवं. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

मिस्त्रीनं मान हलवली, आणि तीन दिवस तोंडात गुळणी धरून बसला.

त्या तीन दिवसांत त्याची बायको शाळेच्या पंपावरून पाणी आणत होती. अर्ध्या गावाला वळसा, डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. मानेवरून घाम पाठीत उतरायचा. वाटेत बायका विचारायच्या, "घरासमोरचा पंप सोडून इकडे कुठं गं?"

"वॉशर गेलंय."

"मिस्त्रीच्याच दारचं? दिव्याखाली अंधार!"

ती हसल्यासारखं करून पुढं जायची. मागं त्याच बायका पंपाखाली तोंड लावून पाणी पिताना तिला दिसायच्या. एकदा न्हाव्याची सून तान्ह्या पोराला चमच्यानं पाणी पाजत होती. मिस्त्रीची बायको हंडा घेऊन तशीच उभी राहिली. घरी येऊन तिनं हंडा असा आदळला की पाणी भिंतीपर्यंत उडालं.

"तुम्हाला सांगायचं नसेल तर मी सांगते."

"बाईंना आधी सांगायला हवं."

"मग सांगा ना! तोंडाला काय टाळं लागलंय?"

"त्यांनी मला माणसात आणलं."

"आणि आईंना कशात आणलं?"

मिस्त्री उठला आणि तसाच बाईंकडे गेला.

बाई अंगणात खाट टाकून चष्म्याला दोरा बांधत होत्या. पंचाहत्तरी गाठलेली, पण आवाज अजून वर्गातला. पंपावर दोन मुली हंडे भरत होत्या. त्या जाईपर्यंत मिस्त्री उभाच राहिला.

"बोल रे. चेहरा का असा?"

त्यानं सांगितलं. कागदांचे रंग सांगितले, आईचे हात सांगितले. बाईंनी चष्मा खाटेवर ठेवला.

"किती?"

"नऊ."

"हा?"

"हा आहे त्यात. याचाच कागद सगळ्यात काळा पडला."

बाई पंपाच्या तोटीकडे बघत होत्या. थेंब थेंब पडत होता. मग त्या आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. घडीवर तो फाटत आला होता.

"वाच."

मिस्त्रीला सगळे शब्द लागले नाहीत. पण बाईंचं नाव, त्यांच्या अंगणातला पंप, 'पिण्यास अयोग्य' आणि खालची तारीख एवढं कळलं. त्यानं तारीख दोनदा वाचली.

"सहा वर्षं?"

"शहरातली पोरं पाणी तपासत फिरत होती, तुला आठवत असेल. त्यांनी एवढ्या एकाच पंपाचं नेलं होतं." बाई खाली बघून बोलत होत्या. "मला वाटलं, एकच आहे. मला वाटलं, लोकांच्या मनात एकदा भीती बसली की ते पंप सोडतील आणि पुन्हा तळ्यावर जातील. ती पाच बाकं मी रोज बघितली आहेत रे. कुणाच्या पाठीवर ठिपके येतील म्हणून मी पोरांना जुलाबानं मरायला पाठवू? मी कागद पेटीत ठेवला. स्वतः हेच पाणी पीत राहिले. म्हटलं, जे व्हायचं ते आधी मला होईल, मग सांगू."

त्यांनी दोन्ही तळहात पुढं केले. सुरकुतलेले, पातळ, पण खडूसारखे स्वच्छ.

"मला काही झालं नाही."

मिस्त्री त्या हातांकडे बघत राहिला. "सहा वर्षांपूर्वी आईचे हातही असेच होते," तो म्हणाला.

बाईंनी हात मागं घेतले. "उद्या चार वाजता सगळ्यांना गिरणीच्या अंगणात बोलव. मी सांगते. हा कागदही दाखवते."

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती. तरी पत्र्यावरचं पीठ वाऱ्यानं उडून माणसांच्या डोक्यांवर बसत होतं. बाईंसाठी खुर्ची होती, त्या बसल्या नाहीत. उभं राहून त्यांनी पाण्यात विष निघालेल्या नऊ पंपांची नावं एकेक करून घेतली, हजेरी घेतल्यासारखी. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"आणि मला यातलं एकाचं सहा वर्षांपूर्वी कळलं होतं," बाई म्हणाल्या. "मी लपवलं. हा त्याचा कागद..."

"बाई, तुम्ही बसा," गिरणीवाला मध्येच उठला. "तुम्ही नसता तर माझी तिन्ही पोरं आज नसती. तुम्ही कुणाला काही सांगायची गरज नाही."

"अरे, ऐकून तर घे..."

"तुमच्या तोंडून आम्ही वाईट ऐकणार नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. बायकांनी पुढं होऊन बाईंना धरून खुर्चीवर बसवलं. कुणी पदरानं वारा घालायला लागलं. कागद बाईंच्या हातात तसाच वर धरलेला होता. तो घ्यायला एकही हात पुढं आला नाही.

मग सगळी तोंडं मिस्त्रीकडे वळली.

"हे तुझं काम. कसल्या पुड्या टाकल्यास पाण्यात?"

"नवीन पंप बसले की याचंच काम वाढणार."

"पाना बाईंनी दिला, आणि हा त्यांच्याच डोक्यात घालतोय. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात!"

नर्सताई काही सांगू लागल्या, तर त्यांना म्हणाले, तुम्ही आठ महिन्यांच्या पाहुण्या, तुम्हाला काय माहीत. मिस्त्री खाली मान घालून उभा होता. न्हाव्यानं त्याच्या खांद्याला असा धक्का दिला की तो दोन पावलं मागं गेला. त्याच्या पाठीला गिरणीचा पत्रा लागला.

"तिला बोलू द्या."

आवाज मोठा नव्हता. पण बाईंना 'तिला' म्हणणारं माणूस गावानं बघितलं नव्हतं, म्हणून सगळे गप्प झाले. मिस्त्रीची आई सुनेच्या खांद्याला धरून उभी राहिली होती.

"ती सहा वर्षं म्हणाली. ऐकलं का कुणी? का सगळ्यांच्या कानात पीठ गेलंय?" तिनं दोन्ही तळहात पुढं केले. उजव्या हाताचा एक दाणा फुटून तिथं लाल जखम झाली होती. "हे बघा. मी विळा धरत नाही, मुसळ धरत नाही. मी फक्त पाणी पिते. तिनं दिलं, मी प्याले, तुम्हीही प्यालात. तिचे उपकार मलाही माहीत आहेत. माझ्या पोराला तिनंच उभं केलं. म्हणून ती सांगतेय ते ऐकायचंच नाही का? आता घरी जा, आणि आपापले हात उजेडात धरून बघा."

पहिल्यांदा न्हाव्यानं हात मागं घेतले. मग एकाएकानं कुणी खिशात घातले, कुणी काखेत, कुणी पदराखाली. बाई खुर्चीत बसून मिस्त्रीच्या आईकडे बघत होत्या, आणि म्हातारी त्यांच्याकडे.

शाळेमागं एक जुनी विहीर होती. पंप आल्यावर ती कुणाला लागेना म्हणून तिच्यात फुटकी कौलं, काटे, मेलेली कुत्री, सगळं टाकून गावानं ती बुजवत आणली होती. दोन चांगल्या पंपांवर गावाचं भागणार नव्हतं. नर्सताई म्हणाल्या, वरच्या थराच्या उघड्या विहिरीत हे विष सहसा नसतं. उपसून तपासू, औषध टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं सात माणसं होती. त्यात मिस्त्रीचं घरच चार जणांचं.

मिस्त्री विहिरीत उतरला. आतली हवा कोंदट, कुबट. खाली पाय ठेवला की गुडघाभर आत जायचा. तो टोपली भरायचा, वरून दोर ओढला जायचा. दुपारी त्यानं वर बघितलं तर काठावर बाई दोराला हात लावून उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही सावलीत बसा," त्याची बायको म्हणाली.

"नुसतं धरू नका, ओढा," कट्ट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली. "धरून काही वर येत नाही."

बाईंनी ओढलं. संध्याकाळी त्यांचे तळहात सोलले होते. त्यांनी ते कुणाला दाखवले नाहीत.

त्याच दिवशी मिस्त्रीनं नऊ पंपांच्या तोट्यांना लाल रंग लावला. दोन दिवसांनी बाईंच्या अंगणातल्या पंपाचा रंग कुणीतरी विटेनं घासून काढलेला दिसला. त्यानं पुन्हा लावला. गिरणीजवळच्या पंपावर गिरणीवाल्याची सून पाणी भरत होती. तिला सातवा महिना होता.

"अगं, लाल आहे ना तो?"

"शाळा लांब पडते हो दादा. पाय सुजलेत." तिनं दांडा दाबला. "आजच्या दिवस."

मिस्त्रीनं पाना काढून दांड्याचा खिळा सोडवला आणि दांडा खांद्यावर टाकून घरी नेला. ती अर्धा भरलेला हंडा तिथंच ठेवून रडत बसली. तासाभरानं गिरणीवाला मिस्त्रीच्या दारात आला. चेहरा लाल. मिस्त्रीला वाटलं, आता मारतोच. गिरणीवाल्यानं आत डोकावून कोपऱ्यात ठेवलेला दांडा बघितला, म्हातारीच्या हाताला बांधलेली पट्टी बघितली.

"विहिरीतली माती कुठं टाकताय?" त्यानं विचारलं.

"शाळेच्या कुंपणापलीकडे."

"उद्या माझी बैलगाडी आणतो."

पाचव्या दिवशी विहिरीवर चाळीस माणसं होती. पाळ्या कुणी लावून द्याव्या लागल्या नाहीत. बावीस वर्षांची सवय होती. कोण दोरावर, कोण टोपलीवर, कुणाच्या पोराकडे कोण बघणार, सगळं न बोलता ठरत गेलं. मात्र पूर्वीसारखी थट्टा होत नव्हती. एकमेकांच्या हातातून टोपली घेताना माणसं तळहाताकडे चोरून बघायची. न्हावी दोन दिवस आला आणि मग यायचा थांबला. त्याच्या भावाच्या पाठीवर ठिपके निघाले, असं कुणीतरी हळू आवाजात सांगितलं.

नवव्या दिवशी पायाला गार लागलं. पाणी मातकट होतं, बसायला दोन दिवस लागले. नर्सताईंनी बाटली भरली, पूड टाकली, बुचाखाली कागद लावला. चाळीस माणसं श्वास धरून उभी होती. कागद पांढराच राहिला. एका बाईनं बादली सोडली, तिच्यामागं दुसरी रांगेत उभी राहिली.

त्याच आठवड्यात म्हातारीच्या हाताची जखम चिघळली. नर्सताईंनी पट्टी सोडली आणि लगेच बांधली. "आजींना मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. आजच." गिरणीवाल्यानं गाडी जुंपली. सून बरोबर गेली. गाडीत चढवताना म्हातारी मुलाला म्हणाली, "हात कापला तर डावा आहेच. तू तोंड असं करू नकोस."

मिस्त्री आणि छकी गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर पोरांचे हात तपासायचे ठरले. सगळ्या गल्ल्यांची पोरं, आईबापांसकट. नर्सताई स्टुलावर बसल्या होत्या. नावं लिहायला अक्षर चांगलं असलेलं माणूस हवं होतं. बाई स्वतःहून वही घेऊन शेजारी बसल्या. पानावर त्यांनी पट्टीनं रेघा ओढल्या होत्या: नाव, वय, पंप, आहे, नाही. आई-बाप पोरांना पुढं ढकलत होते आणि स्वतः मागं खांबाला टेकून उभे राहत होते. नर्सताई प्रत्येक तळहातावरून अंगठा फिरवायच्या, सावकाश, आंधळ्या माणसानं नाणं चाचपावं तसा. "नाही," म्हणायच्या. बाई लिहायच्या. "नाही." पुन्हा. कधीतरी त्या गप्प राहायच्या, नुसत्या बाईंकडे बघायच्या, आणि बाईंची लेखणी 'आहे'च्या रकान्यात जायची. तेव्हा मागच्या खांबापाशी कुणीतरी खाली बसायचं.

छकीचा नंबर आला. तिनं आंघोळ करून केस घट्ट बांधले होते. नखं धुतली होती. तिनं आपणहून उजवा हात पुढं केला, परीक्षेला बसल्यासारखा.

"नाव?" बाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

छकीनं सांगितलं.

"वय?"

"नऊ."

"कुठल्या पंपाचं पाणी?"

"आमच्या दारचा. आणि शाळेतून येताना तहान लागली की तुमच्या अंगणातला."

बाईंनी ते लिहिलं. मिस्त्री लेकीच्या मागं उभा होता. नर्सताईंनी अंगठा फिरवला. बोटांच्या मुळाशी आल्यावर तो थांबला. मागं गेला, पुन्हा तिथंच आला. त्यांनी छकीचा हात उजेडाकडे वळवला आणि खाली वाकून बघितलं. रांगेतल्या पोरांची कुजबुज बंद झाली.

बाईंची लेखणी कागदावर टेकलेली होती. शाईचा ठिपका पसरत चालला होता, आणि त्या मान वर करत नव्हत्या.

"दुसरा हात दाखव बाळ," नर्सताई म्हणाल्या.